पाण्याखाली मौन, काठावर इंग्रजी

२०२४ च्या मे महिन्यातली दुपार. शाळेला सुटी लागलेली होती. परंतु सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाची कचेरी सुटीतही सुटत नाही, हे ज्यांच्या घरात कोणी मास्तर आहे त्यांना सांगायला नको. आम्ही दाखल्यांची नोंदवही पुढ्यात घेऊन बसलो होतो, तोच आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीला घेऊन तिचे वडील आले. वह्यापुस्तकांचे त्यांचे लहानसे दुकान शाळेपासून दोन गल्ल्यांवर आहे. घर मराठी, तीन पिढ्या इंदुरात गेलेल्या. त्यांनी खिशातून चौघडी केलेला एक रंगीत कागद काढून टेबलावर उलगडला. निळे पाणी, पाठीवर हवेची टाकी बांधलेली हसरी तरुण मंडळी, आणि खाली मजकूर असा, की स्कूबा शिका, प्रवाळांचे रक्षण करा आणि तेवढ्यातच इंग्रजी बोलू लागा. ठिकाण फिलिपाइन्स.

“सर, पोरगी हट्ट धरून बसलीय. तिच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडावी लागेल. तुम्हीच काय ते सांगा.”

मुलगी मान खाली घालून उभी होती. आमच्याकडे ती सहावी ते दहावी शिकली आणि पुढे प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झाली. जाडजाड इंग्रजी पुस्तके वाचून तिने परीक्षा दिल्या, गुणही उत्तम मिळवले. आणि दोन ठिकाणी मुलाखतीला गेली असता समोरच्याने इंग्रजीत पहिला प्रश्न विचारताच तिची वाचा बसली. दुसऱ्या वेळी तर स्वतःचे नाव सांगून ती जी गप्प झाली ती गप्पच राहिली, असे वडील सांगू लागले तेव्हा तिने मान आणखी खाली घातली.

त्या दिवशी आम्ही स्पष्ट नकार दिला. “इंग्रजी शिकायला समुद्रात बुडायला कशाला हवं?” असा एक विनोदही केला. वडील हसले, मुलगी हसली नाही. तो विनोद पुढे पुष्कळ दिवस आम्हांलाच टोचत राहिला. कारण उघड होते. त्या मुलीला इंग्रजी शिकवली होती ती आमच्याच शाळेने. वर्गात आम्ही शब्दार्थ दिले, व्याकरण घोटून घेतले, गाळलेल्या जागा भरून घेतल्या. परंतु तोंड उघडून इंग्रजीत काही सांगावे असे एकही कारण त्या मुलांना पाच वर्षांत दिले नाही. वर्गातल्या साऱ्यांना हिंदी येते, निम्म्यांना मराठी येते. मग तहान लागली म्हणून कोणी इंग्रजीत पाणी मागावे कशासाठी? गरजेवाचून बोललेली भाषा हे नाटक ठरते, आणि नाटकात चुकले की लोक हसतात. मुले हे पुरते ओळखून असतात.

तो कागद आम्ही ठेवून घेतला होता. मुलीलाही आम्ही पुन्हा बोलावले, आणि पुढचे काही आठवडे आम्ही दोघांनी मिळून या विषयाचा जमेल तेवढा अभ्यास केला.

पहिला प्रश्न शेजारपाजारच्यांनीच विचारला होता. इंग्रजी शिकायची तर इंग्लंडला जावे, ऑस्ट्रेलियाला जावे. फिलिपाइन्सचे लोक कुठले इंग्रज? शंका अगदीच वावगी नाही. या देशावर तीनशेहून अधिक वर्षे स्पेनचे राज्य होते. १८९८ मध्ये तो अमेरिकेच्या ताब्यात गेला. १९०१ च्या ऑगस्टमध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे ५०० अमेरिकन शिक्षक मनिलाच्या बंदरात उतरले आणि गावोगावच्या शाळांतून इंग्रजी शिकवू लागले. जहाजाच्या नावावरून त्यांना ‘थॉमसाइट्स’ असे नाव पडले. सैन्याच्या मागोमाग मास्तरांचे जहाज आल्याचे उदाहरण इतिहासात फारसे आढळणार नाही. १९४६ मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी इंग्रजी राहिली. १९८७ च्या राज्यघटनेने फिलिपिनो आणि इंग्रजी या दोघींनाही राजभाषेचे स्थान दिलेले आहे.

आम्हांला खरा जिव्हाळा वाटला तो निराळ्याच गोष्टीचा. मध्य फिलिपाइन्समधल्या नेग्रोस बेटाच्या पूर्व भागातले मूल घरात सेबुआनो बोलते. शाळेत त्याला फिलिपिनो शिकावी लागते, जी मुळात मनिलाकडची तागालोग. तिसरी इंग्रजी. आता आमचे घर पाहा. स्वयंपाकघरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, आणि कागदावर इंग्रजी. बडोद्याच्या वाचकांनी हिंदीच्या जागी गुजराती घालावी, बेळगावकरांनी कानडी. म्हणजे तीन भाषांच्या तीन चपला दाराशी ठेवून जगणारी माणसे जगात आपण एकटेच नाही. तिथल्या लोकांची इंग्रजीही शिकूनच आलेली असल्यामुळे नवशिक्याला हसण्याची तिथे रीत नाही. त्यांच्यातले काही जण ‘फ’च्या जागी ‘प’ म्हणतात, आपण ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ एकाच घाटावर पाणी पाजतो. फिटंफाट!

जाता जाता एक गंमत. फिलिपिनो भाषेत शिक्षकाला ‘गुरो’ म्हणतात. चेहऱ्याला ‘मुखा’ आणि आशेला ‘आसा’. संस्कृत शब्द मलाय मुलखातून फिरत फिरत इतक्या दूर जाऊन पोहोचले आहेत. हे वाचल्यावर आमचा विरोध अर्धा मावळला, हे कबूल करायला हरकत नाही.

उरलेला अर्धा विरोध पाण्याला होता. मुलीला पोहणे येत होते. आजोळ महेश्वरला असल्यामुळे लहानपणापासून नर्मदेत डुंबलेली. परंतु घाटावर पोहणे वेगळे आणि खाऱ्या पाण्यात अठरा मीटर खोल जाणे वेगळे. आम्ही सुचवले, की जे शब्द जिवावर बेतणारे आहेत ते आधी मातृभाषेत समजून घ्यावेत, मग परक्या भाषेत. कोकणात याची सोय आहे. मालवणजवळ तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, आणि मालवणचा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्या वर्षी पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुटीत, ते कुटुंब तिकडे गेले आणि आम्हीही सोबत गेलो. पाण्यात उतरण्याची आमचीही इच्छा होती, पण उतरण्यापूर्वी प्रकृतीचा तक्ता भरून द्यावा लागतो. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाचे दुखणे यांपैकी काही आहे का, हे त्यात खरेखरे लिहावे लागते. आमचा रक्तदाब आडवा आला. आम्ही होडीत टोपी सावरीत बसून राहिलो.

तेथील प्रशिक्षकाने मालवणी हेलातल्या मराठीत जे समजावले ते आम्ही होडीतून ऐकले. दर दहा मीटरला पाण्याचा भार हवेच्या एका वातावरणाएवढा वाढतो, म्हणजे दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. त्यामुळे खाली जाताना कानांत दडा बसतो. तो बसण्याआधीच नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकायची आणि कान मोकळे करायचे. वर येताना फुप्फुसांतली हवा प्रसरण पावते, म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही. प्राणायाम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, कुंभक येथे घातक आहे! वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरपेक्षा अधिक नको, आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा लागतो. घाई केली तर सोड्याची बाटली एकदम उघडल्यासारखे होते. याच कारणाने अनेक बुड्या मारल्यावर निदान अठरा तास विमानात बसू नये.

मुलीचे शिक्षण पुरे झाले. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत, मुदत ठेव मोडून, ती गेली. तीन महिन्यांचा सारा खर्च चार लाखांच्या घरात गेला. हा आकडा लिहिताना आमचा हात जरा अडखळतो, कारण होकार आम्ही दिला होता.

पहिला पंधरवडा सेबू शहरातल्या एका भाषाशाळेत गेला, आणि तो बराचसा वाया गेला. शाळेचा दोष म्हणता येणार नाही. सेबूच्या या शाळा मुख्यतः कोरियन आणि जपानी विद्यार्थ्यांवर चालतात. लहानशा खोलीत एक शिक्षक आणि एकच विद्यार्थी समोरासमोर बसून तासच्या तास बोलतात. पद्धत उत्तम. परंतु मुलीने राहायला खोली घेतली ती आपल्याकडून वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या मुलींच्या सोबतीने. संध्याकाळी खोलीवर आले की हिंदी, पोहे आणि हिंदी सिनेमा. तिने आम्हांला कळवले, “सर, इथे येऊन माझी हिंदी सुधारली.” आम्ही काळजीत पडलो. दूर जाऊनही माणूस आपले गाव पाठीवर घेऊन जातो.

तेथून ती बस आणि होडीने नेग्रोस बेटावर दुमागेते शहराला गेली, आणि शहराच्या दक्षिणेला झांबोआंगीता नावाच्या गावी, प्रवाळांची पाहणी करणाऱ्या एका स्वयंसेवकांच्या तळावर राहिली. तळावर पंधरा-सोळा माणसे होती. जर्मन, डच, डेन्मार्कची दोघे, एक स्पॅनिश मुलगी, आणि शिकवणारे तिथलेच. इंग्रजी ही मातृभाषा असलेला माणूस त्यांत एकच, आणि त्याचे बोलणे कोणालाच नीट कळत नसे!

आता पाण्याखालची गोष्ट. तोंडात श्वासाची नळी असते, त्यामुळे तिथे साऱ्या जगाचे लोक सारखेच मुके. जे काही सांगायचे ते हातांनी. अंगठा आणि तर्जनी जुळवून, आपल्या ज्ञानमुद्रेसारखे, कडे केले की ‘ठीक आहे’. तळहात आडवा हलवला की ‘काहीतरी बिघडले’. पहिल्याच बुडीत शिक्षकाने तिला कडे दाखवून विचारले, ठीक? तिने आनंदाने अंगठा वर केला. शिक्षकाने मान डोलावली, तिचा दंड धरला आणि सावकाश तिला वर घेऊन आला. दोन्ही डोकी पाण्याबाहेर आली तेव्हा त्याने विचारले, काय झाले? पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ ‘वर चला’ एवढाच असतो. हे तिला तारकर्लीला शिकवलेले होते. परंतु आनंदाच्या भरात हात जुन्या सवयीने बोलला. वर तरंगत तिला सारा खुलासा इंग्रजीत करावा लागला. ती म्हणते, इंग्रजीतले माझे पहिले लांब वाक्य मी समुद्रात, लाटा तोंडात जात असताना बोलले, आणि तेव्हा व्याकरणाचा विचारही मनात आला नाही.

खाली मौन असल्यामुळे वरचे बोलणे दुपटीने महत्त्वाचे होते. उतरण्यापूर्वी अर्धा तास सूचना असतात. कोण कोणाचा जोडीदार, किती हवा उरली की परतायचे, प्रवाह कोणीकडचा. इथे एक शब्द ऐकायचा राहिला तर खाली विचारता येत नाही. म्हणून जी मुलगी वर्गात कधी ‘पुन्हा सांगा’ म्हणाली नव्हती, ती इथे हात वर करून पुन्हा विचारू लागली. वर आल्यावर सारे जण गोल बसून पाहिलेले ताडून पाहतात, आणि तिथे खरा वाद रंगतो.

हे काम कसे चालते ते सांगितले पाहिजे. रीफ चेक ही पाहणीची पद्धत १९९६ मध्ये सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी तिने जगभर पहिली मोजणी केली. प्रशिक्षित हौशी पाणबुड्यांना जमेल अशी ती मुद्दाम सोपी ठेवलेली आहे. प्रवाळांवर शंभर मीटरची मोजफीत अंथरायची. तिचे वीस वीस मीटरचे चार तुकडे, मध्ये पाच पाच मीटर सोडलेले. एक जोडी फितीच्या दोन्ही बाजूंचे ठरावीक मासे मोजते. फुलपाखरू मासा, पोपट मासा, कोकणात ज्याला गोबरा म्हणतात तो, आणि तांबोशी. दुसरी जोडी दर अर्ध्या मीटरला फितीखाली नेमके काय आहे ते लिहिते. कठीण प्रवाळ, मृदू प्रवाळ, नुकतेच मेलेले प्रवाळ, खडक, वाळू इत्यादी. एका फितीवर असे एकशे साठ बिंदू होतात. आणि लिहायचे कशावर? पाटीवर! प्लॅस्टिकची पांढरी पाटी, तिला दोरीने बांधलेली पेन्सिल. आमच्या लहानपणी शाळेतून हद्दपार झालेली पाटी-पेन्सिल समुद्राच्या तळाशी अजून नांदते आहे, हे ऐकून आम्हांला जो आनंद झाला तो लिहून सांगता येण्यासारखा नाही.

प्रवाळ म्हटले की आपल्या घरांत आठवते ती पोवळ्याची अंगठी. ते लाल पोवळे वेगळ्या जातीचे. समुद्रात भित्ती उभारणारे प्रवाळ वेगळे. भित्ती उभारणारा जीव मोहरीएवढा किंवा थोडा मोठा, मऊ, तोंडाभोवती शुंडके असलेला. तो चुन्याचे घर बांधतो, आणि त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल भाडेकऱ्यासारखे राहते. भाडे मात्र चोख. सूर्यप्रकाशातून बनवलेल्या अन्नाचा मोठा वाटा ते घरमालकाला देते. प्रवाळांचा रंगही बहुतांशी या शैवालाचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून अंशभर जरी अधिक तापले आणि ते आठवडेच्या आठवडे टिकले, तर हा संसार मोडतो. प्रवाळ शैवालाला बाहेर काढतात आणि पांढरेफटक पडतात. याला विरंजन म्हणतात. समुद्राच्या तळाचा एक टक्काही भाग या भित्तींनी व्यापलेला नाही, परंतु सागरी जातींपैकी सुमारे चतुर्थांश त्यांच्या आश्रयाला आहेत. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथे जागतिक विरंजन चालू असल्याचे जाहीर केले होते. मुलगी तिथे होती ते दिवस त्याच काळातले.

पांढरे पडलेले प्रवाळ मेलेले नसतात. ते उपाशी असतात. पाणी वेळेत निवले तर शैवाल परत येते. आणि नेमक्या याच मुद्द्यावर मे महिन्यातल्या एका संध्याकाळी तळावर वाद झाला. तिच्या डच जोडीदाराने पाटीवर तीन बिंदूंपुढे ‘नुकतेच मेलेले’ असे लिहिले होते. वयाने, अनुभवाने तो मोठा; बुड्या शेकड्यांनी मारलेल्या. मुलीने ते तीनही बिंदू पाहिले होते आणि तिच्या मते त्या पांढऱ्या पृष्ठभागावर काचेसारखे पारदर्शक, जिवंत ऊतक होते. इंदूरच्या दोन मुलाखतींत गप्प बसलेली ही मुलगी तिथे उभी राहिली आणि म्हणाली, की ही नोंद चूक आहे. मग का चूक आहे ते तिने सांगितले. शब्द अडले तेव्हा पाटीवर चित्र काढले. जोडीदाराने हरकत घेतली, तिने उत्तर दिले. हे वीस मिनिटे चालले. दुसऱ्या दिवशी शिक्षक दोघांनाही घेऊन पुन्हा त्याच फितीवर उतरले. तीनपैकी दोन ठिकाणी प्रवाळ जिवंत होते. तिसऱ्या ठिकाणी तिचेच चुकले होते. तिथे मेलेल्या चुन्यावर शेवाळाची बारीक लव धरू लागली होती. पाटीवरच्या दोन नोंदी बदलल्या, एक राहिली.

आम्ही तिला विचारले, की वाद घालताना भीती वाटली नाही का? ती म्हणाली, “सर, तेव्हा मी इंग्रजी बोलत नव्हते, प्रवाळाबद्दल बोलत होते.”

एवढ्या दोन नोंदींचा उपयोग तो काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्याच किनाऱ्यावर मिळते. दुमागेतेला सिलिमन विद्यापीठ आहे, १९०१ मध्ये स्थापन झालेले. तेथील जीवशास्त्रज्ञ एंजल अल्काला यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये सुमिलोन या जवळच्या बेटाभोवतीच्या प्रवाळांचा काही भाग मासेमारीला बंद करण्यात आला. दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, स्थानिक कारभाराच्या ढिलाईने ते संरक्षण मोडले आणि बंद भाग खुला झाला. मासेमारीला जागा वाढली, तेव्हा मासळीही वाढायला हवी होती. परंतु अल्काला आणि त्यांचे सहकारी मोजत राहिले होते. पुढच्या दीड-दोन वर्षांत बेटाची एकूण मासळी निम्म्याच्या आसपास आली! राखलेल्या भागात वाढलेले मासे बाहेरच्या भागाला पुरवठा करीत होते, ही गोष्ट त्या मोजणीवाचून कोणाला पटली नसती.

दुसरे बेट अपो. दुमागेतेच्या दक्षिणेला, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, जेमतेम पाऊण चौरस किलोमीटरचे. येथील कोळी सुरुंग, विष आणि बारीक जाळी यांनी खंगलेल्या समुद्रावर कसेबसे जगत होते. सिलिमनची मंडळी १९७९ पासून त्यांच्याशी बोलत राहिली. १९८२ मध्ये गावकऱ्यांनीच किनाऱ्याचा सुमारे साडेचारशे मीटरचा पट्टा राखीव केला आणि आळीपाळीने पहारा सुरू केला. या राखणदारांना ‘बंताय दागात’ म्हणतात, म्हणजे समुद्राचे पहारेकरी. त्याच १९८२ साली आपल्याकडे जामनगरजवळ कच्छच्या आखातात देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले, आणि बडोद्याच्या मंडळींना नरारा येथे ओहोटीच्या वेळी पायी चालत प्रवाळ पाहता येतात, हे येथेच सांगून ठेवतो. अल्काला यांना १९९२ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये ते वारले. अपोची गोष्ट सगळीच गोड नाही. डिसेंबर २०११ आणि डिसेंबर २०१२ मधल्या दोन वादळांनी तो राखीव पट्टाच उद्ध्वस्त केला, आणि गावकऱ्यांनी पुन्हा राखण सुरू केली.

अपोला जाणारी होडी मलातापाय येथून सुटते. तिथे दर बुधवारी गुरांचा आणि भाजीमासळीचा बाजार भरतो. मुलीने पाठवलेल्या छायाचित्रात बांधलेली डुकरे सोडली तर आमच्या माळव्यातला आठवडी बाजारच दिसतो! या बाजारात ती दर आठवड्याला जाई आणि सेबुआनोत भाव करी. इंग्रजी शिकायला गेलेली मुलगी एक चौथी भाषाही तोडकीमोडकी घेऊन आली.

आता ज्यांच्या घरात असा रंगीत कागद येईल त्यांच्यासाठी चार रोखठोक गोष्टी. एक तर, नवशिका पाणबुड्या प्रवाळ वाचवतो त्यापेक्षा अधिक मोडतो. पाण्यात अधांतरी स्थिर राहता आले नाही तर पायांचे पंख प्रवाळांवर आपटतात, आणि काही जातींची बोटभर फांदी वाढायलाही वर्ष लागते. पहिल्याच आठवड्यात ‘प्रवाळांची लागवड’ करू देणाऱ्या संस्थेवर आमचा विश्वास नाही. आधी तोल शिकवणारी, मासे ओळखण्याची परीक्षा घेणारी आणि पाहणीचे आकडे पुढे कोणाला देता याचे सरळ उत्तर देणारी संस्था पाहावी. स्वयंसेवक म्हणून राबायचे आणि वर पैसेही द्यायचे, हे आपल्या लोकांना विचित्र वाटते. आम्हांलाही वाटले. परंतु टाक्या, होडी, शिक्षक, जेवण यांचा खर्च कोणीतरी करायचा असतो. हिशेब मागावा, आणि न देणाऱ्याकडे जाऊ नये.

समोरच्या सेबू बेटावर ओस्लोब येथे देवमाशाएवढ्या प्रचंड व्हेल शार्कना खाऊ घालून पर्यटकांना दाखवतात. मुलीलाही सारे जण चल म्हणत होते. रोज हातचे खाऊन त्या माशांची फिरण्याची रीत बदलते, असा संवर्धकांचा आक्षेप आहे. ती गेली नाही. आम्ही तिच्या जागी असतो तर कदाचित गेलो असतो.

कागदपत्रांत चूक नको. जून २०२५ पासून भारतीयांना चौदा दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय तिथे पर्यटनासाठी जाता येऊ लागले, पण शिक्षणाला ती सवलत चालत नाही. भाषाशाळेत शिकायचे तर व्हिसाबरोबर शिक्षणाचा विशेष परवानाही काढावा लागतो; बहुतेक शाळा तो काढून देतात. पाण्याखालच्या अपघाताचा विमा वेगळा असतो, तो उतरवल्याखेरीज मुलांना पाठवू नये. आणि राहण्याची जागा अशी पाहावी की जिथे आपली भाषा बोलणारा कोणी नसेल, मग आईला कितीही रडू येवो.

मुलगी मेच्या अखेरीस परतली. लगेच नोकरी लागली नाही. जुलैमध्ये एक मुलाखत झाली, तीत तिची निवड झाली नाही. मात्र पाऊण तास बोलून बाहेर आली. आता ती समुद्री जीवशास्त्रात पुढचे शिक्षण घेण्याच्या खटपटीत आहे. वडिलांनी ठेवीबद्दल आमच्याकडे पुन्हा कधी अवाक्षर काढले नाही. दुकानात वह्यांच्या मांडणीवर त्यांनी माशांचा एक रंगीत तक्ता लावला आहे आणि गिऱ्हाइकांना हिंदीत समजावून सांगताना ते गोबऱ्याला पोपट मासा म्हणतात.

ऑगस्टमध्ये आम्ही तिला शाळेत बोलावले. तिने ती पांढरी पाटी आणली होती. सहावीच्या वर्गात तिने बाके बाजूला सारून फरशीवर मोजफीत अंथरली, तिच्याभोवती दप्तरे, डबे, चपला पसरून ठेवल्या, आणि जोड्या जोड्यांनी मोजायला सांगितले. अट एकच, तोंडाने बोलायचे नाही. मोजून झाल्यावर बाहेर व्हरांड्यात येऊन जे पाहिले ते इंग्रजीत सांगायचे. व्हरांड्यात जो गलका झाला तो ऐकून शेजारच्या वर्गावरच्या बाई धावत आल्या. चपला चौदा की सोळा यावर दोन मुले इंग्रजीत भांडत होती. व्याकरणाचे विचारू नका.

हातांच्या खुणाही मुलांनी तेव्हाच उचलल्या. पाठ समजला का, असे आम्ही विचारले की पुढच्या बाकांवरून बोटांची कडी दिसू लागतात. आणि चुकून कोणी अंगठा दाखवलाच, तर मागच्या बाकावरची दोघे जण निमूटपणे उठून उभी राहतात.